बावन्न म्हणजे माहीत नाही

आमच्या परचेसच्या मॅडमना महिने आणि वर्षं हा प्रकार मान्यच नव्हता. त्या सगळं आठवड्यांत मोजायच्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात माल यायला किती वेळ लागेल ते आठवड्यांतच सांगतात, आणि तीस वर्षं तेच ऐकून त्यांच्या बाकीच्या आयुष्यालाही ती सवय लागली होती. ओझरची बहीण कधी येणार? "तीन आठवडे." कॅन्टीनवाल्याने नवा मिक्सर आणायचं कबूल केलं, तर त्याला, "किती आठवडे?" फोन उचलल्यावर हॅलो नाही, नमस्कार नाही. "बोला, किती आठवडे?" एकदा एचआरमध्ये नवीन आलेल्या मुलीने भाबडेपणाने विचारलं, "मॅडम, तुम्ही लग्न का नाही केलंत?" मॅडमनी कागदावरून मान वर न करता उत्तर दिलं, "ऑर्डरच टाकली नाही कधी."

मला दिवस गेल्याचं सांगायला मी त्यांच्या टेबलाशी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "चाळीस आठवडे. एवढीच एक डिलिव्हरी बघ, साधारण वेळेवर होते." दुसऱ्या दिवशी आले तर माझ्या खुर्चीखाली पाय ठेवायला एक लाकडी पाट होता. कुणी आणला ते कुणीच बोललं नाही. पाटाच्या मागे बॉलपेनने मॅडमचं आडनाव होतं, एवढंच.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी विजेचे मीटर बनवायची. मी कळवणहून शिकायला नाशिकला आले, इथेच लग्न झालं, आणि या कंपनीत मॅडमच्या हाताखाली लागले. पहिल्याच दिवशी एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "जरा विक्षिप्त आहेत, पण चावत नाहीत." मे महिना होता आणि मॅडमच्या अंगात लोकरीचा जांभळा स्वेटर होता. सुटे भाग ठेवायची स्टोअरची खोली बारा महिने गार ठेवावी लागायची, आणि मॅडम अर्धा दिवस तिथेच असायच्या. स्वेटर काढ-घाल करण्यात वेळ जातो म्हणून तो अंगातच. त्याच स्वेटरात त्या भर दुपारी बाहेर निंबाच्या सावलीत डबा खायच्या आणि घाम पुसत म्हणायच्या, "फार उकडतंय गं."

चिप आणि सुटे भाग विकणाऱ्या एजंटांचे फोन त्या स्पीकरवर टाकायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. फोन ठेवल्यावर मला विचारायच्या, "काय म्हणाला?" मी सांगायची, अमुक भाव, तमुक आठवडे. "ते झालं. आवाज कसा होता?" मला सुरुवातीला हसू यायचं. पण हळूहळू कळायला लागलं. माल पडून असला की एजंट आधी तब्येत विचारतो, मग पावसाचं बोलतो, मग भाव. मालाची टंचाई असली की भाव आधी सांगतो आणि तब्येत विचारतच नाही.

त्यांचा दुसरा अंदाज दिवाळीचा. कुठल्या एजंटाकडून काय आलं ते त्या नीट लक्षात ठेवायच्या आणि डबे तसेच न उघडता कॅन्टीनमध्ये पाठवायच्या. काजूकतलीचे खोके आले म्हणजे बाजारात चिप पडून आहेत. सोनपापडी आली म्हणजे बाजार बरा. नुसता मोबाइलवर दिव्यांचा फोटो आला की त्या म्हणायच्या, "कठीण आहे पुढचं वर्ष."

आणि या सगळ्यावर मॅडम शेअर घ्यायच्या. चोरून वगैरे नाही, उघडपणे. मेमरी चिप बनवणाऱ्या परदेशातल्या दोन-तीन मोठ्या कंपन्या होत्या, त्यांचेच. बँकेत फॉर्म भरून पैसे बाहेर पाठवायच्या, त्याची सगळी कागदपत्रं एका पत्र्याच्या पावाच्या डब्यात. नियम एकच. ज्या कंपनीकडून आपण माल घेतो तिचा शेअर घ्यायचा नाही. "खुर्चीवर बसून दोन्हीकडून बघता येत नाही," असं म्हणायच्या. मी एकदा विचारलं, चिपच का? त्यांनी मला समोर बसवून समजावलं. मेमरी करणारे जगात मोजके. नवा कारखाना उभा करायला काही वर्षं जातात. टंचाई आली की सगळे एकाच वेळी कारखाने बांधायला घेतात, मग सगळ्यांचा माल एकाच वेळी येतो, भाव कोसळतात, सगळे घाबरून हात आखडतात, आणि त्यातून पुढची टंचाई तयार होते. "यात हुशारी काही नाही," मॅडम म्हणाल्या. "कंटाळा न करता थांबायचं. लोकांना थांबायचा कंटाळा येतो."

मग करोना आला, गेला, आणि त्याच्या मागोमाग ती मोठी टंचाई आली. आमच्या मीटरमध्ये नखाएवढी एक मेमरी चिप असते. लाइट गेली तरी मीटरने रीडिंग विसरू नये म्हणून. बाकी सगळे भाग होते, तेवढी एक चिप नव्हती. बंदरं तुंबलेली, कारखाने बंद-चालू. आठ आठवड्यांचे सोळा झाले, सोळाचे सव्वीस. एजंट फोन घेईनात. आणि एका सोमवारी लाइन थांबली.

लाइनवर तीस-एक कंत्राटी मुली होत्या. बऱ्याच जणी पेठ-सुरगाण्याकडच्या, सातपूरला खोली करून चौघी-पाचजणी राहणाऱ्या. त्यांना सांगण्यात आलं की माल येईपर्यंत घरी बसा. पगार अर्थातच नाही. मुली गेटच्या आत उभ्या राहिल्या, बाहेर जाईनात. मॅडम खिडकीतून बघत होत्या. मग तशाच स्वेटरात फॅक्टरी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागे फाइल घेऊन.

"स्टॉक मोजायचाय," मॅडम म्हणाल्या. "तीस माणसं लागतील."

"मोजणी मार्चमध्ये होते ना, मॅडम."

"मार्चमध्ये आपण कागद मोजतो. मला माल मोजायचाय."

साहेबांनी बरंच टाळलं. मॅडम उठेचनात. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "किती दिवस?"

"सहा आठवडे."

तर त्या तीस मुलींनी स्टोअरमधली प्रत्येक वस्तू मोजली. तांदळाच्या दाण्याहून बारीक रेझिस्टर, कुणी कधी हात न लावलेले खोके, बंद पडलेल्या मॉडेलचा माल. ऑफिसात टिंगल चालली होती, मॅडमनी कंपनीत जनगणना काढली म्हणून. चौथ्या आठवड्यात पेठची एक मुलगी माझ्याकडे एक रीळ घेऊन आली. चिप सिनेमाच्या रिळासारख्या पट्टीत गुंडाळून येतात. तिने लेबलावर बोट ठेवलं.

"ताई, ह्यो नंबर तोच हाय ना? मागं फक्त एक डब्ल्यू जास्त हाय."

मी मॅडमना बोलावलं. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, रीळ डोळ्यांजवळ नेलं, आणि मग त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. डब्ल्यू म्हणजे नुसता पॅकिंगचा फरक. चिप तीच. रद्द झालेल्या एका मॉडेलसाठी कधीकाळी आणलेली तशी दोन भरलेली रिळं निघाली. त्यांच्यावर लाइन निम्म्या वेगाने का होईना, पुढचे नऊ आठवडे चालली.

आता माझं सांगते. त्या सगळ्या काळात मी एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. मी आणि नवऱ्याने फ्लॅटच्या बुकिंगसाठी सहा वर्षं पैसे साठवले होते. तो शाळेत शिक्षक, मी इथे. मुलगा नुकता चालायला लागलेला. ते पैसे माझ्या खात्यात होते. टंचाई माझ्या डोळ्यांसमोर वाढत होती. मी मनाशी म्हटलं, जे लोक टीव्हीवर बघतात ते मी रोज फोनवर ऐकते. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी मोबाइलवर एक ॲप घेतलं आणि त्याच मेमरी कंपन्यांचे शेअर घेतले. आधी थोडे. मग भाव चढला म्हणून अजून. आठ महिन्यांत फ्लॅटचे सगळे पैसे त्यात गेले. आणि ते वाढत होते, हे सर्वात वाईट.

रिळं सापडल्याच्या पुढच्याच आठवड्यात मॅडमनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्यांना रजा टाकताना मी पहिल्यांदाच पाहत होते. दुपारी परत आल्या आणि स्टोअरमध्ये माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या.

"विकून आले," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शेअर. सगळे."

मला धक्काच बसला. "आत्ता? मॅडम, आत्ता तर खरी सुरुवात आहे. आपल्यालाच चिप मिळत नाहीयेत!"

"सकाळी एजंटाचा फोन आला होता. बावन्न आठवडे म्हणाला."

"मग?"

"अगं, बावन्न हा आकडा नाही. बावन्न म्हणजे माहीत नाही. सव्वीस म्हणतो तेव्हा त्याने कुणाला तरी विचारलेलं असतं. बावन्न म्हणतो तेव्हा त्याने विचारायचं सोडून दिलेलं असतं. आणि कुणालाच काही माहीत नसताना भाव चढत राहिले की मी बाहेर पडते." मग म्हणाल्या, "शिवाय त्या मुली गेटवर उभ्या होत्या तेव्हा माझे शेअर वर चालले होते. ते काही मला झेपलं नाही."

यातलं खरं कारण कुठलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं त्यांनाही येणार नाही.

माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "तू किती घेतलेस?" मी सांगितलं. "पैसे कुठले?" तेही सांगितलं. "घरी माहितीय?" मी समोरच्या खोक्यांवरचे नंबर वाचत बसले.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "घे असं मी म्हटलं नव्हतं, आणि वीक असंही म्हणणार नाही. एक काम कर. आज घरी जाऊन नवऱ्याला एका वाक्यात सांग, काय घेतलंस आणि कशातून घेतलंस. 'फक्त', 'तात्पुरतं' आणि 'खात्रीचं' हे तीन शब्द वापरायचे नाहीत. सांगून झाल्यावर ठेवायचे की विकायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. मला विचारायला येऊ नकोस."

अंबड ते इंदिरानगर, स्कूटीवर सगळा रस्ता मी वाक्य जुळवत होते. दर वाक्यात त्या तीनपैकी एक तरी शब्द यायचाच. सिग्नलला थांबले तर शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघायला लागला, मी मोठ्याने बोलत होते.

नवरा हॉलमध्ये पोराच्या तीनचाकी सायकलचं चाक बसवत होता. मी पर्स न ठेवताच म्हटलं, "फ्लॅटच्या पैशांतून मी परदेशी चिप कंपन्यांचे शेअर घेतलेत, तुम्हाला न विचारता."

'तुम्हाला न विचारता' हे मॅडमनी सांगितलं नव्हतं. ते आपोआप आलं.

"सगळ्या पैशांतून?" तो म्हणाला.

"सगळ्या."

तो उठून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा पैशाचं काहीच बोलला नाही. म्हणाला, "हे मनात ठेवून तू आठ महिने झोपलीस कशी?"

"नाही झोपले," मी म्हटलं, आणि तिथेच खाली बसून रडले. दोन दिवसांत आम्ही सगळे शेअर विकले. नुकसान काही झालं नाही, उलट थोडे जास्तच आले.

इथे गोष्ट संपली असती तर मी मॅडमचे तेव्हाच आभार मानले असते. पण भाव चढतच राहिले. आम्ही विकल्यावर तीन-चार महिने रोज थोडे थोडे वर. मी रोज बघायची आणि रोज मॅडमवर मनातून चिडायची. त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. डबाही वेगळा खायला लागले. त्यांनी हे ओळखलं नसेल असं होणं शक्य नव्हतं. एके दिवशी मला न राहवून मी म्हणालेच, "विकले नसते तर आज..."

"तर आज काय घेतलं असतंस?"

"फ्लॅट."

"नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "अजून शेअर."

मला राग आला, कारण ते खरं होतं.

मग वारं फिरलं. ज्यांनी भीतीपोटी दुप्पट ऑर्डरी दिल्या होत्या त्यांच्याकडे माल साठला, नव्या कारखान्यांचा माल आला, आणि वर्षभरात त्या शेअरांचा भाव निम्म्यावर आला. मॅडमनी मात्र 'बघ, मी म्हटलं होतं' हे वाक्य कधी उच्चारलं नाही. चेहऱ्यावरही आणलं नाही. मला वाटतं, त्या एका गोष्टीसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. बरोबर ठरल्यावर गप्प बसणारं दुसरं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

त्या दिवाळीला काजूकतलीचे सात खोके आले आणि एका एजंटाने तर चक्क काचेच्या बाउलचा सेट पाठवला. मॅडमनी बाउल उजेडात धरून पाहिला आणि मला म्हणाल्या, "आता ते शेअर कुणालाच नकोयत. तुला बघायचे असतील तर बघ. पण आधी घरी."

या वेळी आम्ही दोघांनी मिळून घेतले, गेले तरी रडायला येणार नाही इतकेच. त्यानंतर काही आठवड्यांनी मॅडम रिटायर झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी भाषणात त्यांना 'कंपनीचा आधारस्तंभ' म्हटलं, तेव्हा त्या माझ्या कानात कुजबुजल्या, "कॅन्टीनचा मिक्सर अजून आला नाही." कॉलेज रोडवरची जागा सोडून त्या ओझरला बहिणीकडे राहायला गेल्या.

आता पुन्हा टंचाई आली आहे. या वेळी कारण वेगळं. एआयसाठी मोठमोठी डेटा सेंटर उभी राहताहेत आणि जगातली मेमरी तीच ओढून घेताहेत. मॅडमच्या खुर्चीवर आता मी बसते. परवा एक एजंट मला "बावन्न" म्हणाला. मी संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याशी बोलले आणि आम्ही आमचे शेअर विकले. पुढे अजून चढतील की पडतील ते मला माहीत नाही. मधल्या काळात घेतलेल्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवरचं कर्ज त्यातून बरंच हलकं झालं. कंत्राटी मुलींना घरी पाठवायची वेळ येऊ नये, जादा चिप वेळेत मागवता याव्यात म्हणून मी दोन महिने आधीच साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसले होते.

रविवारी आम्ही तिघं ओझरला गेलो. मला मॅडमचे आभार मानायचे होते, नीट, समोर बसून. घरी मी काय बोलायचं ते ठरवलंही होतं. नवरा आणि मुलगा अंगणाच्या फाटकाशी जवळच्या विमानतळावरचं विमान दिसतंय का बघत थांबले. मॅडम ओट्यावर बसल्या होत्या. केस सगळे पांढरे झालेले. मी सुरुवात केली, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"आमच्या अण्णांचं तुला कधी सांगितलं नाही मी," त्या म्हणाल्या.

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. शाळेत हेडक्लार्क होते. ते रिटायर झाले तेव्हा मॅडम नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. अशीच एक टंचाई आली होती. परदेशी शेअर तेव्हा आपल्याला घेता यायचे नाहीत, म्हणून मॅडमनी इथल्याच एका कंपनीचे घेतले, बाहेरून मेमरी आणून विकायची ती. अण्णांच्या फंडाच्या पैशांतून. अण्णांनी मुलगी हुशार म्हणून विश्वासाने सही करून दिली होती, बँकेत ठेव ठेवायची म्हणून. वर्षभरात ती कंपनी बुडाली.

"मग?"

"मग काय. दर महिन्याला माझ्या पगारातून त्यांना व्याज म्हणून देत राहिले. ते विचारायचे, पैसे नीट आहेत ना गं? मी म्हणायची, आहेत. सगळ्यांना सांगायचे, माझी मुलगी बघते सगळं." मॅडम ओट्याच्या फरशीवर बोट फिरवत होत्या. "अकरा वर्षं. एक वाक्य होतं. रोज तयार करायची. ते गेले तोवर नाही जमलं."

मी घरून पाठ केलेलं सगळं विसरले.

"तू त्या दिवशी सांगितलंस," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी कामावर आलीस, डोळे सुजलेले, आणि डबा पूर्ण संपवलास. आधी कित्येक दिवस तू अर्धा डबा परत न्यायचीस, मी बघायची. मला वाटलं, चला, माणसाला जमतं हे. मला फार बरं वाटलं होतं गं. तुला सांगायचं राहिलं होतं."

तेवढ्यात नवरा पोराला घेऊन आत आला. मॅडमनी त्याला समोर बसायला सांगितलं. त्यांनी त्याला याआधी फारसं पाहिलंही नव्हतं.

"हिने तुम्हाला ते शेअरचं सांगितलं," त्या म्हणाल्या, "तेव्हा काय वाटलं? खरं सांगा."

नवरा माझ्याकडे बघून जरा संकोचला. "राग आला, मॅडम. खूप आला. पण रात्रीतून वाटलं, बरं झालं सांगितलं. बुडालो असतो तर दोघं बुडालो असतो. हिला एकटीला नसतं बुडू दिलं."

मग अगदी हळू आवाजात, एखादी लहान मुलगी विचारेल तसं मॅडमनी विचारलं, "वडीलसुद्धा असंच म्हणाले असते का हो?"

कुणाचे वडील, कशाबद्दल, यातलं नवऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, की काही विचारलं नाही.

"म्हणालेच असते," तो म्हणाला.